गुलाबी बॉनेट

रविवार, ३ मार्च

परत घाटातलं तिसरं वळण! परत वाफ! त्या वळणाला आता माझंच नाव द्या म्हणावं.

निघताना बाबांनी नेहमीप्रमाणे स्वतः बॉनेट उघडून पाणी बघितलं. "एकदम टकाटक," म्हणाले. पहिलं वळण ठीक, दुसरं ठीक, तिसऱ्यावर पाण्याच्या टाकीपाशी आलो आणि काटा लाल रेघेवर. मी उतरून चाकाला लाथ मारली. चाकाचा काही दोष नव्हता, पण बॉनेटला मारली असती तर भाजलं असतं.

बाबा मात्र थंड. डिकीतून घडीची दोन स्टुलं काढली, थर्मास काढला, दोन कप रुमालाने पुसले. माझं स्टूल त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला मांडलं. दुसऱ्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही, आणि गाडी चालवताना मी नेमका त्याच बाजूला असतो. मग चाळीस मिनिटं बसा! इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, आणि ते बाबांशिवाय कोणी उघडायचं नाही.

बाबांनी आईची गोष्ट काढली. आई याच गाडीवर शिकत होती तेव्हाची. एका रविवारी घाट सुरू होतानाच गिअर अडकला, फक्त रिव्हर्स पडायचा. वर आत्याकडे तर जायचं होतं. आई म्हणाली, मग उलटं जाऊ! पुढचं मी ऐकलं नाही. ज्यांच्यासाठी मी कवळ्या बनवतो त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मेसेज आला होता, त्याला उत्तर देत होतो.

वर पोचलो तर आत्या वाट बघून बघून जेवून मोकळी झालेली. माझं डोकंच फिरलं. तिच्यासमोर जाहीर करून टाकलं — आता एक शेवटचा उपाय करायचा, आणि त्यानंतरही तापली तर गाडी विकायची. मग बसने यायचं.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला.

परत येताना लक्षात आलं, बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. म्हणजे आत्याकडे जाणंच बंद. आत्या ऐंशीची, बाबा अठ्ठ्याहत्तरचे. पण आता बोललो ते बोललो. शब्द मागे घ्यायचा तर तोंड दुखतं माझं.

सोमवार, ४ मार्च

मेकॅनिककडे. या माणसाने दोन वर्षांत होसपाइप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. आज परत सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, गाडीला काहीही झालेलं नाही. मधल्या वारी तो स्वतः दोनदा घाट चढून आला होता, काटा जागचा हलला नाही म्हणे.

काही दात असे असतात. महिनाभर ठणकतात आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की गप्प. बावीस वर्षं कवळ्या बनवतोय, असले दात मला चांगले ठाऊक आहेत. ही गाडी त्यातलीच.

शेवटी डोकं खाजवून खाजवून त्याने एक शक्कल काढली. मूळचं इंजिन लहान होतं, बाबांनी हौसेने मोठं बसवून घेतलं. आत बोट घालायला जागा नाही. गरम हवा वर येते आणि बॉनेटखाली कोंडते. तेव्हा बॉनेटला भोकं हवीत. मधोमध, रेडिएटरच्या मागे. समोरच्या काचेजवळ नकोत, तिथून हवा उलटी आत शिरते. भोकांवर तिरप्या पट्ट्या आणि खाली पन्हळ, म्हणजे पाऊस इंजिनवर पडणार नाही. जुनं बॉनेट कडेने गंजून चाळण झालंय — भोकं आहेतच, पण चुकीच्या जागी. त्यामुळे नवीनच करायला लागणार.

"कशाचं करायचं ते घरी बसून ठरवा," म्हणाला.

घरी! आमच्या घरात पडद्यांचा रंग ठरायला दोन वर्षं लागली. तोवर खिडकीला चादर होती.

मंगळवार, ५ मार्च

बैठक झाली. बायको, तिचा भाऊ, बाबा आणि मी.

मेहुणा टीव्हीवर गाड्यांच्या शर्यती बघतो, म्हणून त्याला सगळं कळतं. कार्बन फायबर! दुसरं नावच नको! हलकं, काळं, आणि वर ती विणलेली नक्षी. मी विचारलं, नक्षीने गाडी थंड होते का? तो म्हणाला, दाजी, तुम्हाला त्यातलं कळत नाही. बायकोचं म्हणणं, बॉनेट लावूच नका. झाकण काढलं की प्रश्न मिटला, ती भात असाच निववते. मेकॅनिक फोनवरून ॲल्युमिनियम म्हणाला. माझ्या मनात फायबरग्लास — काचेच्या धाग्यांची चादर आणि वाळून घट्ट होणारं चिकट रेझिन. रेझिनमध्ये माझा हात बसलेला आहे. पण मी बोललो नाही. आधी सगळ्यांना चुकू द्यावं.

बाबा सगळ्यात शेवटी बोलले. "पत्रा. गाडी म्हणजे पत्रा. बाकी सगळी खेळणी."

ठरलं, पत्रा. जुन्या माणसाचा मान ठेवला.

बुधवार, ६ मार्च

बाबांना घेऊन पत्रेवाल्याकडे गेलो. त्याच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज! स्वतःचीच हातोडी बसली. दोन महिने काम घेणार नाही म्हणाला.

माझा चेहरा पडला. बाबा म्हणाले, थांबू की, घाई कसली आहे? घरी येईपर्यंत शीळ घालत होते. आई गेल्यापासून त्यांची शीळ ऐकली नव्हती. दुसऱ्याच्या अंगठ्यावर हातोडी बसल्यावर एवढं काय खूश व्हायचं?

शनिवार, ९ मार्च

पत्रेवाल्याचा फोन. त्याची बायको हातोडी चालवते, त्याच्याहून सरळ. सोमवारी बॉनेट टाकून जा, आठवड्यात देतो. मी ओरडतच बाबांच्या खोलीत गेलो.

बाबा पेपर खाली न करता म्हणाले, पत्रा नको रे, गंजतो.

मी म्हटलं, तुम्हीच तर पत्रा पत्रा करत होतात! तर म्हणतात, तेव्हा विचार केला नव्हता. आता विचार केलाय, ॲल्युमिनियम. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, जाड ॲल्युमिनियमचा पत्रा मागवावा लागेल, महिना सहज जाईल. बाबा म्हणाले, जाऊ दे की महिना.

वय झालंय त्यांचं. चिडायचं नाही. (चिडलो.)

रविवार, १० मार्च

तिसरं वळण. वाफ. स्टुलं. चहा.

गोष्टीचा पुढचा भाग: आई गाडी उलटी घाटात चढवतेय, मान मागे वळवून, जीभ दातांत धरून. बाबा गाडीच्या मागे, म्हणजे वरच्या बाजूला, रुमाल हलवत चालत आहेत. वरून ट्रक आला. ट्रकवाला थांबला, खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बाबांना विचारलं, ताई चढतायत की उतरतायत? आईने खिडकीतून उत्तर दिलं, "तुमचं काय अडलंय?"

मी हसलो. खरंच हसलो. आईचा आवाज बाबा हुबेहूब काढतात. मग घड्याळ बघितलं तर पाऊण तास झाला होता! हसू गेलं.

सोमवार, ११ मार्च

ॲल्युमिनियमचा पत्रा मेकॅनिकच्या ओळखीच्या दुकानात निघाला. उद्या मिळेल. बाबा म्हणतात, ॲल्युमिनियम मऊ असतं, कार्बन बघू या. मी दार आपटलं.

मंगळवार, १२ मार्च

बास झाली मतं! आज परीक्षा घेतली.

आमच्या लॅबमध्ये, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, कवळ्या उकळायची टाकी आहे. कवळी उकळत्या पाण्यात तास दीड तास राहिली की पक्की होते. त्याच टाकीत चार तुकडे सोडले. पत्रा, ॲल्युमिनियम, फायबर आणि मेहुण्याने मोठ्या मिजाशीत आणलेलं कार्बन. बायकोने डोकावून विचारलं, मीठ घातलं का?

पत्र्याला काही झालं नाही, पण बाहेर काढून ठेवला तर संध्याकाळी तपकिरी ठिपके. ॲल्युमिनियम चिमट्याने उचललं तर चिमट्याचे दात उमटले. शेजारचं मांजर रोज आमच्या बॉनेटवर उडी मारतं, त्याचं वजन बघता महिनाभरात कढई होईल. फायबरचा पहिला तुकडा कडेला जरा नरम पडला. मग उष्णतेचं वेगळं रेझिन येतं त्याचा टाकला. तासभर उकळला. ढिम्म! वर हातोडी मारली तर हातोडीच उसळली आणि टेबलावरच्या जबड्याला लागली. प्लास्टरच्या. निवृत्त मुख्याध्यापकांचा खालचा जबडा, शुक्रवारी द्यायचा होता. आता त्यांचं माप परत घ्यावं लागणार.

आणि कार्बन? दहाव्या मिनिटाला नक्षी सुटून पाण्यावर तरंगायला लागली. खाली पांढरं प्लॅस्टिक. स्टिकर होता! मेहुणा बराच वेळ टाकीत बघत राहिला. मग म्हणाला, ओरिजिनल असं करत नाही.

बाबांनी लगेच विचारलं, ओरिजिनल यायला किती दिवस? मेहुणा म्हणाला, दोन-अडीच महिने. बाबा म्हणाले, मग तेच मागवा!

या घरात सरळ डोक्याचा मी एकटाच उरलोय.

शुक्रवार, १५ मार्च

निकाल लागला. फायबर, आणि करणार मी. कोणाच्या अंगठ्याची वाट बघायची नाही, कुठून काही मागवायचं नाही. बॉनेट म्हणजे शेवटी काय, एक मोठी कवळी! माप घ्यायचं, साचा करायचा, रेझिन भरायचं.

बाबांनी विचारलं, किती दिवस लागतील? मी छाती काढून म्हणालो, दहा. ते म्हणाले, अरे वा. आणि जेवणावरून अर्ध्यात उठले.

रविवार, १७ मार्च

तिसरं वळण. शेवटचं! पुढच्या वेळी इथून भुर्रकन जायचं.

बाबा आज भराभर बोलत होते. आईने उलटी गाडी पहिल्या वळणावरून काढली, दुसऱ्यावरून काढली. तिसऱ्यावर, इथे टाकीपाशी, ती आपणहून थांबली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. खाली उतरून बाबांच्या हातातला रुमाल घेतला, त्यालाच घाम पुसला, आणि म्हणाली, मला तुम्हाला एक सांगायचंय —

तेवढ्यात काटा खाली आलेला दिसला. मी म्हटलं, चला चला, निवलं! वर गेल्यावर बोलू. वर आत्या असली की कोणाला बोलता येतं का? ती एकदा सुरू झाली की माणूस नुसता माना डोलावतो.

सोमवार, १८ मार्च

जुनं बॉनेट काढून अंगणात चार खुर्च्यांवर ठेवलं. गंजाची भोकं बुजवली. नवीन भोकांच्या जागी मेणाने आकार दिला. आमचं मेण गुलाबी असतं, पण आकारापुरतंच असल्यामुळे चालतं.

दोन भोकं, प्रत्येकावर सहा पट्ट्या. तीन तास बसून कोरल्या. लांब होऊन बघितलं, झकास! बायको आली, एक नजर टाकून म्हणाली, "याला दात का काढलेत?"

नीट बघितलं. पट्ट्यांच्या कडा मी गोल केल्या होत्या, मधल्या दोन जरा रुंद, कडेच्या जरा टोकदार. हाताला दुसरं येतच नाही. खरवडून सरळ करायला गेलो तर आणखी नीट दात व्हायला लागले. तसंच ठेवलं. हवा जाण्याशी मतलब.

बुधवार, २० मार्च

जुन्या बॉनेटला साबणाचे तीन हात दिले, वर प्लास्टर ओतलं, त्यात गोणपाट दाबलं. महिनाभराचं प्लास्टर संपलं. एका खुर्चीचा पाय मोडला. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, मुख्याध्यापकांची कवळी कुठाय, ते गेला आठवडा नुसती पेज पितायत. मी म्हटलं, प्लास्टरचा तुटवडा आहे. खोटं नाही, आहेच!

शुक्रवार, २२ मार्च

लिहायला हात धजत नाही.

सगळं बरोबर चाललं होतं. साचा उलटा ठेवला, साबण लावला, काचेच्या चादरी कापून ठेवल्या. काळा रंग आणला होता. रेझिनमध्येच कालवायचा म्हणजे नंतर रंगवायला नको. उजव्या हाताने कालवत होतो. डावा हात आपला आपण फडताळाकडे गेला, बाटली घेतली, ओतली. बावीस वर्षं तो हेच करतोय. मी त्या वेळी मेहुण्याला नक्षी का नको ते समजावून सांगत होतो.

बादलीत बघितलं. हिरड्या!

घट्ट करायचं औषध आधीच पडलं होतं. पंधरा मिनिटांत दगड झाला असता. फेकायचं तर तेवढं रेझिन परत कुठून आणू? थांबता येईना. मग काय — गुलाबी थर, चादर, गुलाबी थर, चादर, गुलाबी थर. मेहुणा ब्रश मारत होता आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते. तोंडातून आवाज काढायची त्याची हिंमत नव्हती.

शेवटच्या थराआधी नेहमीसारखी नावाची चिठ्ठी टाकली. कवळीत टाकतात, कुणाची ते कळावं म्हणून. बॉनेटमध्ये कशाला टाकायची? पण हात थांबला होता चिठ्ठीसाठी. बाबांचं नाव लिहिलं.

संध्याकाळी बाबा बघायला आले. गुलाबी बॉनेट बघितलं, पट्ट्या बघितल्या. चिठ्ठीवरचं नाव वाकून वाचलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून आत गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवार, २३ मार्च

बॉनेट साच्यातून सुटेना! साबणाचा एक हात कमी पडला. पाचरी ठोकल्या, कोमट पाणी सोडलं, बायको आणि मेहुणा एका टोकाला, मी दुसऱ्या. बाबा मध्ये उभे राहून म्हणत होते, ओढू नका रे, मोडेल, अडकलंय तर राहू दे. मदत करायची सोडून!

मग 'पक्' असा आवाज झाला आणि मेहुणा प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यांत जाऊन पडला. तो पांढरा, बॉनेट गुलाबी. एक ओरखडा नाही. काम म्हणाल तर असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. रंगाचं सोडा.

रविवार, २४ मार्च

आज घाट नाही, गाडीला बॉनेटच नाही. दुपारी बाबा अंगणात उघड्या गाडीत थर्मास घेऊन बसले होते. मला दोनदा हाक मारली म्हणे. मी पॉलिशच्या मशीनवर होतो, ऐकू आलं नाही. बायकोने संध्याकाळी सांगितलं.

बुधवार, २७ मार्च

बसवलं. मेकॅनिक दहा मिनिटं हसला, मग डोळे पुसून कामाला लागला. कुलपाच्या जागी आतून लोखंडी पट्टी ठोकली, नाहीतर वेगात बॉनेट उडून काचेवर येतं. खालून उष्णता परतवणारा चकचकीत कागद चिकटवला. रंगाचं विचारलं तर म्हणाला, पंधरा दिवस तरी वाळू द्या, आत्ता रंग दिला तर फोड येतील. म्हणजे रविवारी असंच जायचं.

क्रीम रंगाची गाडी, गुलाबी बॉनेट, दोन ओळी दात. शेजारचं मांजर उडी मारायला आलं, बघितलं आणि परत गेलं.

रविवार, ३१ मार्च

नाही तापली!!

सकाळी मी बाबांना म्हटलं, आज फैसला. तापली की गेली. तेही नेहमीप्रमाणे बॉनेट उघडून उभे होते. आज जरा जास्तच वेळ उभे होते. मग हात पुसत म्हणाले, चल.

रस्त्यावर माणसं वळून वळून बघत होती. सिग्नलला एका बाईंनी कौतुकाने विचारलं, तुमची दातांची जाहिरात आहे का? मी हो म्हटलं. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि तिसरं! काटा मधोमध. भोकांतून गरम हवा अशी थरथरत वर जात होती. मी हॉर्न वाजवत टाकीसमोरून गेलो. बाबांनी मान वळवून टाकीकडे बघितलं, दिसेनाशी होईपर्यंत.

आत्या दारातच उभी होती. बॉनेट बघून एवढी हसली की वरची कवळी खाली आली. तीही माझ्याच हातची. तिने ती हातात घेऊन बॉनेटशेजारी धरली. तोच रंग, तंतोतंत! बाबा त्यालाही हसले नाहीत.

जेवायला वेळेवर पोचलो, दोन वर्षांत पहिल्यांदा. परत येताना लक्षात आलं, आज थर्मास आणलाच नव्हता.

सोमवार, १ एप्रिल

मेकॅनिकला फोन करून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मुख्याध्यापकांना कवळी देताना त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, छान, पण ही जरा बोचतेय.

बाबा गप्प आहेत. गाडी वाचली, आत्याकडे जाणं वाचलं, आणखी काय पाहिजे माणसाला?

रविवार, ७ एप्रिल

परत सुसाट. परत वेळेवर. चालवता चालवता ओरडून विचारलं, बाबा, त्या गोष्टीचं पुढे काय झालं? त्यांना ऐकू गेलं नाही. परत ओरडलो. ते म्हणाले, हो हो, छान चाललीय गाडी.

आत्याला विचारलं, आई उलटी गाडी घेऊन आली होती तेव्हा तिसऱ्या वळणावर बाबांना काय म्हणाली? आत्या म्हणाली, मला काय माहीत, मी इथे ताटं मांडून बसले होते. ते त्या दोघांनाच ठाऊक.

म्हणजे आता एकालाच.

बुधवार, १० एप्रिल

उद्या गाडी रंगाला द्यायची म्हणून डिकी रिकामी केली. स्टुलांच्या खाली घोंगडी, घोंगडीच्या आत एक पुठ्ठा. रेडिएटरच्या बरोब्बर मापाने कापलेला, वरच्या कडेला बांधायला दोन सुतळ्या. इंजिनच्या धगीने मध्यभागी काळपटलेला. माझ्याच लॅबच्या खोक्याचा, प्लास्टरचं लेबल अजून आहे. तारीख आई गेली त्या वर्षाची.

दोन वर्षं! निघताना "पाणी बघतो" म्हणायचे, ते हे!

रेडिएटरसमोर पुठ्ठा बांधला की हवा अडते, आणि गाडी नेमकी तिसऱ्या वळणावर तापते. मग रंगारी रद्द केला. लॅबमध्ये जाऊन बॉनेटच्या भोकांना दोन झाकणं केली. गुलाबीच, घट्ट बसणारी. नुसत्या पुठ्ठ्याने आता भागायचं नाही. पुठ्ठ्याशेजारी ठेवली, वरून घोंगडी होती तशी घातली.

बाबा पेपर वाचत होते. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसलो. म्हटलं, "बाबा, रविवारी तापली तर तापली. गाडी विकायची नाही."

त्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांना लागलेल्या गुलाबी रंगाकडे बघितलं.

"थर्मास कुठे ठेवलाय रे?" म्हणाले.